डाव्या कानामागची वाट

“कव्हाचा बोलायलोय मॅडम, तुमी आयकूनच घेईनात.”

हे वाक्य मी त्या वर्षात किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब नाही. माझ्या तलाठी सज्जाच्या ऑफिसात टेबलाच्या डाव्या अंगाला खिडकी आहे आणि अर्धे लोक खिडकीतूनच बोलतात. माझी नजर सातबाऱ्यावर, खिडकीतला माणूस बोलून बोलून थकलेला. आता तलाठ्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर लोक त्याचा एकच अर्थ लावतात. एका शेतकऱ्यानं तो लावला आणि फेरफाराच्या अर्जाखाली पाचशेची नोट सरकवली. मी परत केली तर त्याला वाटलं, कमी पडली. त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या मी ह्यांना म्हटलं, आता कान दाखवायलाच पाहिजे.

दुखणं तसं जुनं होतं. मोबाईल उजव्या कानाला लावायची सवय कधी लागली ते माझं मलाच सांगता येत नाही. डाव्या कानात रातकिड्यासारखी किर्रर्र चालायची, रात्री घर निजलं की जास्तच. जवळच्या दवाखान्यात कानातला मळ काढून झाला, थेंब टाकून झाले, ‘नस कमजोर आहे’ म्हणून गोळ्या खाऊन झाल्या. त्यात दीड वर्ष गेलं. पुढं बीडच्या कानाच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती तेव्हाच कुणी सांगायला हवी होती: दोन्ही कान सारखे मंद झाले तर वयाकडं बोट दाखवता येतं, पण एकच कान जात असेल तर कारण शोधल्याशिवाय सोडायचं नाही.

बीडला जायला मात्र कानानं नाही, पायानं भाग पाडलं. सप्टेंबरात अतिवृष्टीचे पंचनामे चालू होते. दिवसा मी बांधावरून शेळीसारखी चालते, पंधरा वर्षांचा सराव आहे. त्या दिवशी शेवटचा गट नंबर होता, दिवस मावळला होता आणि चालता चालता बांध एकदम डावीकडं कलला. बांध कुठला कलतो, मीच कलले. कोतवालानं दंड धरला म्हणून गुडघाभर चिखलात गेले तेवढ्यावर भागलं. तोल सांभाळायचं बरंचसं काम कानाच्या आतली यंत्रणा करते आणि ती बिघडली की डोळे तिची भर काढतात, म्हणून उजेडात काही कळत नाही आणि अंधारात माणूस उघडा पडतो, हे नंतर समजलं. तेव्हा मी उपासामुळं चक्कर आली म्हणून सोडून दिलं असतं. कोतवाल सोडेना. त्यानं घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं आणि आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशीची एसटी धरायला लावली.

बीडला काचेच्या खोलीत बसवून कानाची तपासणी झाली. आधी शिट्ट्या. ऐकू आली की बटण दाबायचं. मग शब्द. बाहेरून बाई एकेक शब्द म्हणणार, मी तो परत म्हणायचा. उजव्या कानाला सगळे बरोबर. डाव्याला त्या म्हणाल्या “केळ”, मी म्हटलं “खेळ”. त्या म्हणाल्या “वाट”, मी म्हटलं “खाट”. आवाज येत होता, पण शब्द येताना त्याची साल निघून जायची. पंचवीस शब्दांपैकी सहा बरोबर आले. बाईंनी कागद डॉक्टरांकडं नेला, डॉक्टरांनी दुसऱ्या कागदावर एमआरआय लिहिला. आवाज ऐकू येण्याच्या मानानं शब्द फारच कमी कळत असले की कानाच्या नसेवर संशय घ्यायचा, असं ते म्हणाले.

एमआरआयच्या रिपोर्टात ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ असं होतं. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “श्वान म्हणजे कुत्रं ना? कुत्रं चावल्यानं होतं का काय?” त्या दिवसात मी हसले ती एवढीच वेळ. श्वान हे एका जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव निघालं. नसांभोवती जे आवरण असतं त्या पेशींना त्याचं नाव आहे आणि माझी गाठ तोलाच्या नसेवरच्या त्या आवरणातून उगवली होती. कॅन्सर नव्हे. सहसा सावकाश वाढणारी, वर्षाला मिलीमीटर-दोन मिलीमीटर. कित्येकांची तर वाढतही नाही, त्यांना नुसतं दरसाल एमआरआय करून नजरेखाली ठेवतात. वर्षाला लाखात एखाद्यालाच होते, असं डॉक्टर म्हणाले, तर आत्याबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, “माझी सून हायेच लाखात एक.”

माझी मात्र नजरेखाली ठेवण्याच्या पुढं गेली होती. 26 मिलीमीटर. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली आणि आइस्क्रीमच्या कोनासारखी आहे म्हणाले. मला ती वेगळीच दिसली. जुन्या विहिरीच्या दगडात, कपारीला, उंबराचं रोप उगवतं ना, मूळ आत फटीत आणि पसारा बाहेर विहिरीत, तशी. कानाच्या आतल्या हाडात जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा एक बोगदा आहे. त्यातून ऐकण्याची नस जाते, तोलाची जाते आणि चेहरा हलवणारी नसही त्यातूनच जाते. रोप त्या बोगद्यात उगवलं आणि बाहेर येऊन छोट्या मेंदूला रेटायला लागलं. विहिरीतलं उंबर उपटताना भीती उंबराची नसते, दगड निखळण्याची असते.

तिथून पुढची गोष्ट म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या खेपा. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागडला गोदावरीचा पूल आणि मग शहर. पहिल्या खेपेला मेंदूच्या सर्जनकडं गेलो. त्यांनी सांगितलं, जायचं कानाच्या मागून. कवटीला मागल्या बाजूनं खिडकी पाडायची, छोटा मेंदू हळूच बाजूला सारायचा की गाठ समोर. या वाटेत ऐकण्याची नस वाचवायचा प्रयत्न करता येतो. “प्रयत्न,” त्यांनी परत म्हटलं, “एवढ्या मोठ्या गाठीत आणि एवढं कमी ऐकू येत असताना तो लागू पडेलच असं मी म्हणणार नाही.” माणूस सरळ वाटला. गॅमा नाईफचंही त्यांनीच सांगितलं. त्यात चाकू नसतो, बारीक किरणं चहूबाजूंनी गाठीवर एकवटतात. स्वीडनच्या लेक्सेल यांनी ही पद्धत काढली आणि 1969 पासून या गाठींवर ती वापरतात. तीन सेंटीमीटरच्या आतल्या गाठींना ती चालते, पण गाठ निघत नाही, वाढायची थांबते, आणि आधी काही महिने थोडी सुजूही शकते. माझी गाठ मेंदूला टेकलेली, तोल गेलेला, वय 41. त्यांचा कल ऑपरेशनकडं होता.

दुसऱ्या खेपेला दुसरं हॉस्पिटल. तिथं कानाचे सर्जन आणि मेंदूचे सर्जन दोघं एकत्र बसले होते आणि त्यांची वाट निराळीच. कानामागचं जे हाड हाताला लागतं, ते कोरत कोरत सरळ आत जायचं. वाटेत तोलाच्या तीन अर्धगोल नळ्या लागतात, त्याही कोरून काढायच्या. त्या ओलांडल्या की बोगद्याचं टोक आणि तिथं चेहऱ्याची नस तिच्या ठरल्या जागी सापडते, अजून गाठीनं तिला ताणलेलं-चपटवलेलं नसतं. तिथून तिचा माग काढत गाठीकडं जायचं. मेंदूला फारसं सारावं लागत नाही. किंमत एकच, पण रोख: डावा कान शंभर टक्के जातो. परत कधी येत नाही.

“अजून एक वाट आहे,” कानाचे सर्जन म्हणाले, “कानाच्या वरून. पण ती बोगद्यातच असलेल्या छोट्या गाठींसाठी, ज्यांना चांगलं ऐकू येतं त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी नाही.”

मला विचारावंसं वाटलं ते विचारलं. एकाच गाठीला दोन डॉक्टर दोन वाटा का सांगतात? दोघंही हसले. मेंदूचे सर्जन म्हणाले, दोन्ही बरोबर आहेत, ज्याच्या पायाखालची जी वाट आहे त्या वाटेनं तो सुरक्षित नेतो. हे उत्तर मला पटलं. ह्यांना नाही पटलं.

वाटांचा हा इतिहासही जुना आहे. अमेरिकेतल्या हार्वे कुशिंग यांनी 1917 साली या गाठींवर आख्खा ग्रंथ लिहिला. ते गाठ आतून पोखरून घ्यायचे आणि कवच तसंच ठेवायचे, कारण पूर्ण काढायला गेलं की रोगी हातचा जायचा. कानाच्या हाडातून जायची वाट तेव्हाही ठाऊक होती, पण लोकांनी ती सोडून दिली होती. 1960च्या दशकात लॉस एंजलिसचे विल्यम हाऊस यांनी मायक्रोस्कोप आणि दाताच्या डॉक्टरासारखं ड्रिल घेऊन ती परत चालती केली. ते मुळात दातांचंच शिकलेले होते. वहिवाट मोडलेला रस्ता कुणीतरी पन्नास वर्षांनी खुला करून घ्यावा, तसलं प्रकरण. माझ्या टेबलावर अशी प्रकरणं पडलेली असतात.

परतताना गाडीत भांडण झालं. ह्यांचं म्हणणं, आहे तेवढं ऐकू येणं तरी राहू दे, आपल्या हातानं कान कशाला घालवायचा. मी म्हटलं, पंचवीसात सहा. ते म्हणाले, सहा तर सहा. शहागडच्या पुलावर त्यांनी गाडी हळू केली आणि नदीकडं बघत राहिले, म्हणजे यांचं बोलणं संपलं असं मी ओळखलं.

मी आयुष्यभर रस्त्याच्या भांडणांचे पंचनामे लिहिले आहेत. शेतात जायला वाट नाही म्हणून माणूस जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143खाली तहसीलदारांकडं अर्ज करतो. मग आम्ही जागेवर जातो. नकाशावर वाट काढणं सोपं असतं, जागेवर गेलं की प्रत्येक वाट कुणाच्या तरी रानातून जाते. अशा वेळी बघायचं असतं की कोणत्या बांधानं गेलं तर नुकसान सगळ्यात कमी होईल. आणि मधे पडीक रान असेल तर कुणी फार विचारही करत नाही, तिथूनच न्या म्हणतात. माझा डावा कान पडीक पडलेला होता. त्यात सहा दाणे पिकत होते म्हणून रस्ता शेजारच्या भिजवणाच्या रानातून न्यायचा, छोटा मेंदू सारायचा, हे मला पटेना. मी गेवराईच्या अलीकडं ह्यांना एवढंच म्हटलं, “पडीकातून जाऊ द्या.” ते पुढं पाहत म्हणाले, “तू तलाठी हायेस, तू ठरव.” मांजरसुंब्याला थांबून रबडी खाल्ली. भांडण मिटलं की आम्ही तिथं थांबतो.

कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज काढलं. ऑपरेशनच्या सकाळी अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. जोडवी निघेनात, साबण लावून काढली. मंगळसूत्र मी आत्याबाईंच्या हातात दिलं तर त्यांनी ते पदराच्या टोकाला बांधलं, दोन गाठी मारल्या आणि तो पदर कमरेला खोचून दहा तास बसून राहिल्या. पाणी प्यायलासुद्धा उठल्या नाहीत, असं लेक सांगते. केस मात्र सगळे गेले नाहीत, कानामागची चार बोटांची पट्टी तेवढी भादरली.

आतलं मला काय माहीत. पहिले तीन-चार तास कानाचे सर्जन हाडच कोरत होते. माझ्या चेहऱ्यात बारीक सुया लावलेल्या आणि चेहऱ्याच्या नसेला धक्का लागला की मशीन आवाज करतं. म्हणजे माझा चेहराच त्यांना आतून सावध करत होता. शेवटी गाठीचा पातळ पापुद्रा त्या नसेला इतका चिकटलेला निघाला की त्यांनी तेवढा राखला, ओढला नाही. हे डॉक्टरांनी जरा अपराधी आवाजात सांगितलं. मला काही वाटलं नाही. अतिक्रमण काढताना शेजाऱ्याची भिंत ढासळेल असं दिसलं तर आम्हीही वीतभर सोडतो. कोरलेली पोकळी बुजवायला पोटाची चरबी घेतली होती, म्हणून बेंबीच्या बाजूला टाके. भेटायला येणाऱ्या बायका आधी पोट बघायच्या आणि गोंधळायच्या.

शुद्ध आली तेव्हा अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या यात्रेतला रहाटपाळणा फिरत होता आणि कुणी थांबवत नव्हतं. डोळे उघडले की छत सरकायचं, मिटले की पलंग. तोलाचं एका बाजूचं यंत्र एका दिवसात बंद पडलं की मेंदूचा असा गोंधळ उडतो. दुसरा कान हळूहळू सगळा कारभार अंगावर घेतो, त्याला काही आठवडे लागतात. तीन दिवस पोटात काही ठरलं नाही.

चौथ्या दिवशी आरसा मागितला. डावी बाजू ओघळलेली होती. हसायला गेले तर अर्धंच तोंड हसलं. डावा डोळा मिटत नव्हता, पांढरी फट राहायची. चहा प्यायला तर कोपऱ्यातून गळून गाऊनवर. चेहऱ्याच्या कमजोरीच्या एक ते सहा श्रेणी असतात, एक म्हणजे ठणठणीत आणि सहा म्हणजे काहीच हलत नाही. मी चौथीत. हे म्हणाले, “उलटी शाळा हाय. चौथीतून पहिलीला जायचं.” दिवसा दर दोन तासाला डोळ्यात थेंब, रात्री मलम आणि वरून चिकटपट्टी. डोळा कोरडा पडला तर बुबुळाला जखम होते, म्हणून कानापेक्षा आणि तोंडापेक्षा आधी डोळा, असं सिस्टरांनी बजावलं होतं. आत्याबाई मोबाईलमध्ये गजर लावून थेंब टाकायच्या. चुकून गालावर पडला की मलाच रागवायच्या.

सहाव्या दिवशी चप्पल घालायला वाकले आणि नाकातून टपकन पाणी पडलं. सर्दी वाटली. पण हे पाणी पाण्यासारखंच होतं, चिकट नाही, आणि रात्री झोपेत घशात खारट लागलं होतं. सिस्टरला सहज सांगितलं. तिनं हातातला ट्रे खाली ठेवला, मला परत वाकायला लावलं आणि थेंब पडताना बघून डॉक्टरांना फोन केला. मेंदूभोवतीचं पाणी कोरलेल्या हाडाच्या पोकळ्यांतून झिरपून, कानातून घशाकडं जाणाऱ्या नळीतून नाकात उतरत होतं. पाझर. या वाटेत असा पाझर काही जणांना फुटतो आणि तो बंद नाही झाला तर जंतू उलट्या वाटेनं मेंदूपर्यंत जातात. म्हणून चार दिवस आडवं पाडलं. कमरेतून मणक्यात बारीक नळी घातली आणि तासाला मोजून मोजून पाणी बाहेर सोडायचं, म्हणजे वरचा दाब उतरतो आणि भोकाला बुजायला सवड मिळते. शिंकायचं नाही, कुंथायचं नाही, वाकायचं नाही. पोट साफ व्हायचं औषध रोज. चेहरा वाकडा झाल्यावर मी रडले नव्हते, त्या चार दिवसांत रडले. पाचव्या दिवशी नळी काढली आणि डॉक्टरांनी वाकायला सांगितलं. मी वाकले. सगळे माझ्या नाकाकडं बघत उभे. नाक कोरडं.

यातून जाणाऱ्याला मी एवढंच सांगेन: नाकातून पाणी आलं तर सर्दी समजून गप्प बसू नका.

घरी आल्यावर व्यायाम. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका एकादशीवर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवी करायची, अक्षर हलता कामा नये. पहिल्या आठवड्यात आख्खा महिना हलायचा. मग गच्चीवर चालायचं, मग डोळे मिटून उभं राहायचं, मागं लेक हात पसरून. चेहऱ्याला चार महिने लागले. एके दिवशी आरशासमोर डाव्या ओठाचा कोपरा थरथरला, पाल चुकचुकते तेवढाच. वर्षानं दुसरी श्रेणी. पहिली काही आली नाही. फोटोत कळतं, बोलताना कळत नाही.

वैद्यकीय बिलाच्या प्रतिपूर्तीची फाईल एका कार्यालयातून तीनदा त्रुटी काढून परत आली. तिसऱ्या वेळी त्रुटी होती, ‘कोणत्या कानाचे ऑपरेशन याचा उल्लेख आढळत नाही.’ उल्लेख सहा ठिकाणी होता. मी स्वतः पंधरा वर्षं लोकांच्या अर्जात त्रुटी काढत आले, त्यामुळं कुणापुढं बोलायची सोय नव्हती.

एका कानानं ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. घरात कुणी हाक मारली की मी सगळ्या खोल्या फिरते. रस्त्यावर हॉर्न वाजला की जागच्या जागी थांबते, कारण पळायचं कुठल्या बाजूला ते ठरत नाही. डाव्या बाजूचा आवाज उजवीकडं पोचवणारं यंत्र मिळतं, ते लावून पाहिलं. उन्हात घामानं वैताग आला, कपाटात आहे. ऑफिसातलं टेबल मात्र फिरवून घेतलं, आता खिडकी उजव्या अंगाला आहे.

कामावर हजर झाल्यावर पहिलीच स्थळपाहणी रस्त्याची निघाली. दोघं चुलतभाऊ, तीन वर्षांपासून बोलणं बंद. एक उजवीकडं उभा राहून सांगत होता, मी त्याच्याकडं मान वळवून ऐकत होते. डावीकडचा किती वेळ बोलत होता कोण जाणे. शेवटी तो समोर येऊन ओरडला, “मॅडम, तुमी त्याच्याच अंगाला कान लावायलात! आमी काय रानातली भुजगावणी हावोत का?”

मी केस बाजूला करून कानामागचा व्रण दाखवला. म्हटलं, हा कान गेलाय, दोघंबी इकडं या, उजव्या अंगाला. बांध हातभर रुंद. खाली ओली हरभऱ्याची रानं. दोघं एकमेकाला खेटून उभे राहिले आणि एकाचा पाय घसरला तसा दुसऱ्यानं त्याचा सदरा धरला.

“नीट हुबा ऱ्हा की,” तो म्हणाला.

“तू सरक तिकडं.”

मी पॅड काढलं आणि तारीख घातली.